जरीब

कंधारच्या कॉलेजात बी. ए. द्वितीय वर्ष,
पेपर सहावा, मध्ययुगीन इंग्लंड.
पटावर चौतीस, वर्गात सात,
आणि मी तासिका तत्त्वावर.
खिडकीतून किल्ल्याचा बुरूज दिसतो,
त्याच्यावर एक शेळी.

फळ्यावर लिहिलं, १०८६.
म्हणालो, समुद्रापलीकडून आलेला राजा होता.
वीस वर्षं तलवारीनं राज्य केलं,
मग एका हिवाळ्यात त्याला वाटलं
आपल्याजवळ नेमकं आहे काय, हेच आपल्याला ठाऊक नाही.
गावोगाव माणसं पाठवली.
पाद्री, पाटील आणि सहा कुळं
यांचा शपथेवर जबाब.
आधी जमीन कुणाकडं होती?
आता कुणाकडं?
नांगर किती, पाणचक्क्या किती,
तळ्याची मासळी किती, रानात डुकरं...

"डुकरंबी मोजली, सर?" दैवशाला हसली.
मोजली.
"आन् माणसं?"
माणसंही. कुळं बारा, झोपडीवाले सहा, गुलाम दोन.
"नावानिशी?"
नावं मालकांची.
बाकीच्यांचा आकडा.

मुंजाजी एरवी बोलत नाही.
बाप कोतवाल, तलाठ्याची पिशवी वाहणारा.
तो उभा राहिला, बाकाला धरून.
"आमचा पणजा जरीब धरायचा,
निजामाच्या मोजणीत.
लोखंडी साखळी, उन्हात तापली की
तळहाताचं कातडं सोलायचं.
एक टोक मुन्शीच्या माणसाकडं, एक पणज्याकडं.
समदं शिवार त्याच्याच पायानं मोजलं.
मागल्या साली तहसिलीत लोकं जुन्या नोंदी धुंडायलते,
रांगा लागल्या होत्या,
तवा म्याबी गेलो.
मोमीन चाचानं सेतवार वाचून दावलं.
बांध हाय. हीर हाय.
आंब्याची चार झाडं हायती,
त्यातलं एक वठलेलं, तेबी लिव्हलंय.
पणजा न्हाई."

पुढचा मुद्दा होता
राजसत्तेचे समाजावरील परिणाम, गुण दहा.
मी पुस्तक मिटलं.

म्हणालो, मोजणीच्या दुसऱ्याच वर्षी राजा मेला.
श्वास थांबला तसे सरदार
घोड्यांवर बसून आपापली घरं राखायला पळाले,
आणि नोकरांनी भांडी नेली, कपडे नेले,
अंथरूणसुद्धा.
राजा फरशीवर, जवळजवळ उघडा.
पुढं त्याला त्यानंच बांधलेल्या चर्चमध्ये पुरायला आणलं.
खड्डा तयार, धर्मगुरू तयार,
आणि गर्दीतून एक माणूस उठला.
ही जागा माझ्या बापाची, म्हणाला.
यानं ती हिसकावली.
माझ्या मातीत याला गाडू नका.

वर्गात पंख्याचा कुरकुर आवाज.
"मंग? सातबारा कुणाच्या नावाला निघाला?"
मागच्या बाकावरून कुणीतरी.
शेजाऱ्यांना विचारलं. त्यांनी होकार दिला.
तिथल्या तिथं कबरीपुरते साठ शिलिंग मोजले,
उरलेल्या जमिनीचा वायदा केला,
मग राजाला खाली उतरवलं.

"त्या मानसाचं नाव?" मुंजाजी.
असेलिन.
फळ्यावर लिहिलं. पेपरात येणार नाही, सांगितलं.
तरी सातही जणांनी उतरवून घेतलं,
दैवशालानं तर चौकट करून.
आणि तुझ्या पणजोबाचं? मी विचारलं.
त्याचं तोंड उघडलं,
तसंच राहिलं.
"पणजाच म्हणतेत घरात, सर."

घंटा झाली.
मस्टरवर मी रोजच्यासारखं लिहिलं
विषय, वेळ, उपस्थिती ७.
नऊ महिन्यांचं बिल अडकलंय,
त्यावर माझेही तासच आहेत.

व्हरांड्यात मुंजाजी फोन कानाला लावून,
"अण्णा... ऐकू यायलंय का... पणज्याचं,
पणज्याचं नाव..."
रेंज तुटत होती.
तो बोलत बोलत किल्ल्याकडं,
उंचावर जागा शोधत निघाला.